फस्ट शिफ्टचा तांबट

आमच्या आणि शालनच्या परड्यांमध्ये
छातीएवढी भिंत आहे.
तिच्यावर एक जागा घासून गुळगुळीत झालीय,
वाटीच्या बुडाएवढीच.

मी नाशिककडची. लग्न होऊन राजारामपुरीत आले,
तेव्हा शालन पलीकडून म्हणाली, ‘थांब, मी आलो.’
कोण पुरुषमाणूस येतोय म्हणून मी पदर सावरला.
एकतीस वर्षं झाली त्याला.
आता माहेरी गेले की माझ्या बोलण्याला भाच्या हसतात.

शालनचे हिंदुराव उद्यमनगरात, हॅमर खात्यात.
रिटायर झाले तेव्हा कंपनीनं घड्याळ दिलं,
कान मात्र तिथंच ठेवून घेतले.
कुकरची शिट्टी गेली. नातवाचं बारीक आवाजातलं ‘आजोबा’ गेलं.
शेवग्यावर दयाळ पहाटे जीव काढून गायचा,
हिंदुराव त्याच्या चोचीकडं बघून म्हणायचे,
‘नुसतं तोंड हलवतंय. नगरसेवकागत.’

ऐकू यायचा तो तांबट.
मागच्या उंबरावर, पानात लपून,
टुक् टुक् टुक्,
एका मापाचा, जाड,
लोखंडाच्या ओळखीतला आवाज.
हिंदुराव कप खाली ठेवून बोट वर करायचे:
‘फस्ट शिफ्टचा आला बघा.’
दुपारी गप्प झाला की, ‘जेवाय गेला.’
दिवेलागणीला पुन्हा सुरू झाला तर,
‘ओव्हरटाइम. गावणार काय न्हाई त्याला.’

पोरानं कानाचं मशीन आणलं, बत्तीस हजारांचं.
दोन दिवस घातलं.
मग ते खारीच्या डब्यात गेलं,
सुईदोरा, जुने चष्मे, एका किल्लीशेजारी.

त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघींनी
पाच किलो चटणी कांडून आणली, शिंकत, हसत,
आणि मीटरच्या पेटीवर बुलबुलानं घरटं केलं.
लाईटबिलवाल्याला शालननं दारातच अडवलं:
‘आकडा मी सांगतो, तू आत येऊ नगंस.’
तीन अंडी. दोन पिल्लं.
एका सकाळी भारद्वाज येऊन गेला.
त्या दिवशी तिनं भाजीत मीठ घातलं नाही,
आणि हिंदुरावांनी मागितलंही नाही.

ते गेले संक्रांतीनंतरच्या शनिवारी.
बंबात अंघोळीचं पाणी तापत होतं.
कुणीतरी नंतर ते ओतून टाकलं.

तिची एक वाटी माझ्याकडं राहिली होती.
रिकामी द्यायची नाही, हा आमचा नेम.
पण अशा घरी काय भरून द्यायचं?
मी ती घासून फळीवर पालथी घातली.
दुसऱ्या दिवशी परत घासली.

फेब्रुवारी सरताना उंबरावर टुक् झालं.
मी खिडकी लावून घेतली,
जणू तेवढ्यानं ते तिच्या घरी जायचं थांबणार होतं.

मग एका रविवारी शालन भिंतीशी.
कानात ते मशीन.
‘ह्यांच्या कानानं ऐकतो जरा,’ म्हणाली.
तिचे कान चांगले ठणठणीत.
सातभाई कचऱ्यात भांडत होते, ती दचकली.
माझ्या बांगड्या. नळाची धार. चौथ्या घरातलं पोर.
साळुंकी पत्र्यावर चालली तर म्हणाली,
‘अगं बाई, हिला पाय हाईत!’
आणि हसली, आणि मग म्हणाली,
‘एवढं सगळं चालू असतंय व्हय गं.
त्यांना हे नको वाटलं असंल.
का लई वाटलं असंल?’

मला काय सांगता येणार.

उंबरावर तो सुरू झाला.
तिनं मशीन काढलं, कनवटीला खोचलं.
‘ह्याला नको,’ म्हणाली.
बराच वेळ आम्ही दोघी
कोपर भिंतीला टेकून उभ्या. माझं दूध उतू गेल्याचा वास आला
तरी हलले नाही.

मग तीच म्हणाली,
‘माझी वाटी कवा देणार हायस? म्हईना झाला.’
‘थांब,’ म्हटलं, ‘मी आलो.’

आत काहीच केलेलं नव्हतं.
ढेपेतला गूळ फोडला, एक खडा,
चिकटलेल्या मुंगीसकट.